भात, गुरे आणि खाडी: पनवेलच्या शेतकरी घराची घडण

पनवेल तालुका पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाच्या डोंगरांपासून पश्चिमेला खाडीपर्यंत उतरत जातो. डोंगरउतारावर जंगल आणि वरकस म्हणजे हलकी जमीन, मधल्या सपाटीवर भाताची खाचरे आणि खाडीकाठी खारी जमीन व मिठागरे, अशी या भागाची जुनी मांडणी होती. वस्तीही तिला धरूनच होती. खाडीकाठी आगरी, कराडी आणि कोळी, आतल्या गावांत आगरी आणि कुणबी, तर डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी. 1883 पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि 1981 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

येथील सामान्य शेतकऱ्याकडे जमीन थोडी असे, आणि तीही पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीची. तेवढ्या जमिनीवर घर चाले ते भात, गुरे, कोंबड्या, वाल आणि मासळी यांच्या मेळामुळे. भाताचा पेंढा गुरांना, गुरांचे शेण राबाला (रोपासाठी भाजून तयार केलेल्या तुकड्याला) आणि राबाचे रोप पुन्हा खाचराला, असा हा फेरा होता. मात्र त्यातल्या बऱ्याच गोष्टी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नसत. पालापाचोळा जंगलातून येई, चराई गावच्या माळावर होई आणि मासळी खाडीतून मिळे. त्यामुळे या घराचा इतिहास जितका शेताचा आहे, तितकाच शेताबाहेरच्या या सामाईक आधारांचा आहे.

गोडी आणि खारी जमीन

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा पावसात भरवशाचे पीक भाताचेच. गोड्या जमिनीत उन्हाळ्यात राब भाजत, पावसाच्या तोंडावर त्यात बी पेरत आणि रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की ते उपटून, मुठी बांधून चिखलणी केलेल्या खाचरात लावत. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी होई.

खाऱ्या जमिनीची रीत वेगळी होती. भरतीचे पाणी अडवण्यासाठी खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालत आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाड्या ठेवत. पहिल्या पावसांनी वरच्या थरातले मीठ धुऊन निघाले की मोड आणलेले बी थेट चिखलात फेकत. याला रहू पद्धत म्हणतात. येथे ना राब लागे, ना मोठी नांगरट. या जमिनीत लाल दाण्याचे भात होई. राता हे त्यातले नावाजलेले जुने वाण. ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ यांच्या निवडक जाती क्षार सोसणाऱ्या भातांच्या यादीत आजही नोंदलेल्या आढळतात.

बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. भर पावसात उधाण आले आणि बांधाला खांड पडली, तर आतल्या सगळ्यांचीच शेते खारी होत आणि ती पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जात. म्हणून खांड बुजवायला घरटी माणूस निघे. कोकणात असे बांध घालणाऱ्या पुढाऱ्यांना शिलोत्री म्हणत. त्या बदल्यात त्यांना पिकातला ठरावीक हक्क मिळे. गोव्यातील खाजन जमिनी आणि त्यांची मानस नावाची झडप, तसेच केरळातील पोक्काळी भात आणि त्यानंतरची कोळंबी हे याच जातीचे प्रयोग आहेत. पनवेल आणि शेजारच्या पेण-अलिबाग भागात खाऱ्या भातशेतीला जिताडा या खाडीतल्या माशाची जोड मिळाली. पावसाळ्यात जिताड्याची पिल्ले खाडीतून खाजणात शिरत. ती धरून शेतालगतच्या तळ्यात सोडत आणि वर्ष-दोन वर्षे वाढवत. घरात लग्नकार्य निघाले किंवा मोठा पाहुणा आला की तळ्यात जाळे पडे.

राब आणि शेणाचा हिशोब

गोड्या जमिनीचे सगळे गणित राबावर उभे होते. फेब्रुवारीपासून घरातली माणसे त्याच्या तयारीला लागत. रोपाच्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळासारख्या झाडांचे टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर देत. माती टाकण्याचे कारण एवढेच की आग भडकून जाऊ नये, धुमसत राहावी आणि उष्णता खाली जमिनीत उतरावी. भाजणीने तणाचे बी मरे, माती भुसभुशीत होई आणि राखेचे खत रोपाला लागे. भाजलेल्या जागेतले रोप जोमदार निघते आणि न भाजलेल्या जागेतले पिवळे पडते, हा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

शेणाला तीन वाटेकरी असत. काही राबाला जाई, काहीच्या गोवऱ्या थापून चुलीसाठी ठेवत आणि काही सारवणाला लागे. अंगण, खळे, भिंती आणि भात साठवायची बांबूची कणगी, सगळे शेणाने सारवत. एखादे वर्षी जनावर दगावले, तर दुधाचा किंवा नांगराचा तोटा तर होईच, शिवाय पुढच्या वर्षीचा राबही हलका पडे.

गोठा

गोठा बहुधा राहत्या घराला लागूनच, एकाच छपराखाली असे. पावसाळ्यात गुरांची ऊब आणि धुराने डास-गोमाशी हाकलण्याची सोय, दोन्ही त्यातून साधत. कोकणातली गावठी गुरे अंगाने लहान, खाण्याला कमी आणि पावसाला काटक. चिखलणीच्या कामाला बैलांबरोबर रेडेही जुंपत, कारण खोल चिखलात रेडा अधिक टिकतो. पण बैलजोडी पोसणे प्रत्येकाला परवडत नसे. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. ज्याच्याकडे एकही नाही, तो अंगमेहनत देऊन जोडी मागून घेई. गाय किंवा शेळी अर्धलीने पाळायला देण्याचीही पद्धत होती. जनावर एकाचे, राखण दुसऱ्याची आणि वेत निम्मे-निम्मे.

जून ते ऑक्टोबर गुरे खाचरांपासून दूर, माळावर आणि वरकसावर चारत. भात निघाले की ती मोकळ्या शेतांत फिरत आणि धसकटे खाता खाता जमीनही शेणवत. उन्हाळ्यात सगळी मदार पेंढ्यावर. झोडणीनंतर पेंढ्याच्या उडव्या रचत. उडवी किती उंच झाली, यावरून घराची ऐपत ओळखली जाई. गवतही बाजारात जाई. मुंबईतल्या घोड्यांना आणि तबेल्यांना ठाणे-कुलाब्याचे गवत पुरवले जात असे, तेव्हा गवताचा माळ हे रोख उत्पन्नाचेही साधन होते.

दूध बेताचेच मिळे. गावठी गाय वासराला पाजून जे उरेल ते देई, आणि ते मुलांना व ताकाला जाई. दुधदुभत्याचा खरा धंदा म्हशी राखणाऱ्या गवळ्यांचा आणि डोंगरातल्या गवळी-धनगरांचा. सामान्य घरात बैल हेच गोठ्यातले मुख्य जनावर होते. बलिप्रतिपदेला गुरे धूत, शिंगे रंगवत, गळ्यात झेंडूच्या माळा घालत आणि पेटत्या पेंढ्यावरून त्यांना उडवत. देशावर बैलांचा सण पोळ्याला होतो. कोकणात तो दिवाळीत, हातातले काम संपल्यावर येतो.

खुराडे आणि परस

गोठा पुरुषांच्या ताब्यात, तर कोंबड्या बायकांच्या. गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा, खळे आणि कुंपण धुंडाळून पोट भरी. घरून तिला मिळे तो कोंडा, कण्या आणि उष्टे-खरकटे. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत पेंढा किंवा राख घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवत. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघत. घारीपासून आणि मुंगसापासून ती वाचावीत म्हणून त्यांना बांबूच्या डालग्याखाली डालत. त्यातली निम्मी हाताशी लागली तरी पुष्कळ, कारण उन्हाळ्याच्या अखेरीस मानमोडीची साथ आली की अख्खे खुराडे रिकामे होई.

अंडी रोज खाण्याची वस्तू नव्हती. ती विकून मीठ-तेल आणत किंवा रवणाला, म्हणजे उबवायला, ठेवत. कोंबडा कापला जाई तो ग्रामदेवतेच्या मानाला, पाहुण्याला, आखाडात आणि गौरीच्या सणाला. आगरी-कोळी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. त्यासाठीचा कोंबडा काही महिने आधीच हेरून ठेवत.

परसात पावसाळ्यात मांडवावर शिराळी, पडवळ, कारली आणि काकडी चढत. खाली भेंडी, आळू, मिरची आणि हळद. हळदीची पाने श्रावणात पातोळ्यांना लागत. बांधावर तूर. कापणीनंतर खाचरात जी ओल शिल्लक राही, तिच्यावर वाल पेरत. त्याला पाणी द्यावे लागत नाही. पहाटेचे दव आणि जमिनीतली ओल त्याला पुरते. वाल शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्र सोडतो आणि पुढच्या भाताचा पाया तयार करतो. एका पावसाळी पिकावर बेतलेल्या या शेतीत घरच्या डाळीची तजवीज वालानेच केली.

चूल

भात उखळात कांडण्याचे काम बायकांचे. कांडणातून तांदूळ, कण्या आणि कोंडा असे तीन माल निघत. तांदूळ शिजवायला, कण्या पेजेला आणि पिठाला, कोंडा गुरांना आणि कोंबड्यांना. तांदळाच्या पिठाची भाकरी हे या भागाचे मुख्य अन्न. पीठ उकड काढून मळतात आणि हाताला पाणी लावत, पोळपाटाशिवाय, दोन्ही तळहातांवर थापून भाकरी वाढवतात. तव्यावर टाकल्यावर तिच्यावर पाण्याचा हात फिरतो. ती फुगते आणि दोन पापुद्रे सुटतात. सकाळी पेज किंवा शिळी भाकरी आणि चटणी, दुपारी शेतावर भाकरी-कालवण, रात्री भात. वाल भिजवून, मोड आणून, सोलले की डाळिंब्या होत आणि त्यांचे बिरडे सणावारीही चाले.

मासळी हे घरचे नसले तरी घरच्यासारखेच अन्न होते. पहिल्या पावसात खाचरांच्या बांधांवर चिंबोऱ्या धरत. खाडीत निवट्या, कोलीम आणि शिंपल्या मिळत. पावसाळ्यात होड्या बंद असत, म्हणून मे महिन्यातच सुकट, सुके बोंबील आणि खारवलेली मासळी भरून ठेवत. कोळणी सुकी मासळी घेऊन गावोगाव फिरत आणि बदल्यात भात नेत. मीठ जवळच्याच मिठागरांतून येई. पावसाच्या सुरुवातीला ठाकूर आणि कातकरी बायका शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी आणि फोडशी डोंगरातून उतरवत. शेवळांचा घसा खवखवू नये म्हणून ती काकडाच्या फळांबरोबर शिजवतात, आणि बाजारात दोन्ही एकत्रच विकायला येतात.

या सगळ्या साधनांचा मेळ पोपटीत दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, मध्ये केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी आणि अंडी, पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च कोंबतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा आणि गोवऱ्या पेटवतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. ते चर्र करून लगेच उडून गेले की पोपटी झाली. शेंगा शेतातल्या, कोंबडी-अंडी खुराड्यातली, पाला बांधावरचा, जळण गोठ्यातले आणि मीठ खाडीचे, असा हा पदार्थ भात निघून गेलेल्या शेतातच शिजतो.

जंगल, जमीनदार आणि कूळ

या फेऱ्याला पहिला धक्का जंगलाकडून बसला. 1878 च्या वन कायद्यानंतर डोंगर सरकारी राखीव जंगलात जाऊ लागले आणि टहाळ तोडणे, पातेरा गोळा करणे, गुरे चारणे यांवर निर्बंध आले. राबाला माल नाही तर रोप नाही, ही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची मोठी तक्रार होती. तिच्या चौकशीसाठी 1885 मध्ये सरकारने मुंबई वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राब खरोखर आवश्यक आहे की केवळ सवय आहे, यावर तेव्हा अधिकाऱ्यांमध्येही बराच वाद झाला. निर्बंध मात्र टिकले.

25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. आज उरण तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा पनवेल तालुक्यात मोडे. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या शेतकरी-आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मे झाले. नाग्या महादू कातकरी त्यांपैकी एक. जळण, चराई आणि राब या रोजच्या गरजा त्या सत्याग्रहामागे होत्या.

दुसरी गाठ जमीनमालकीची होती. पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोत आणि सावकारांच्या कोठारात जाई. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप 1939 पर्यंत चालला. कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या आणि मोलमजुरीवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली आणि 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. पनवेलच्या अनेक घरांना पहिल्यांदा स्वतःचा सातबारा मिळाला. त्याच 1948 मध्ये खारभूमी कायदाही झाला आणि बांधांच्या कामात शासन उतरले. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारी भाते विकसित केली. ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’ आणि ‘पनवेल 3’ ही वाणे त्यातलीच.

बंदर, रस्ता आणि बाजारपेठ

हे गाव-जीवन बाजारापासून तुटलेले कधीच नव्हते. पनवेल हे खाडीवरचे बंदर आणि घाटावर जाणाऱ्या वाटेचे नाके. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर पुण्याकडून येणारा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरे आणि गलबतांनी मुंबईला जाई. गाड्यांची चाके बनवणे हा येथील नामांकित धंदा होता आणि देशावरचे गाडीवान परतताना ती विकत घेऊन जात. 1852 मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, ती मात्र कर्जतमार्गे, आणि पनवेलचा घाटावरचा व्यापार ओसरला. तांदूळ, मीठ, मासळी, गवत आणि भाजी यांची जवळची पेठ म्हणून गाव टिकून राहिले.

विसाव्या शतकात भातगिरण्या आल्या. कांडणाचे कष्ट गेले, ही मोठी सुटका होती. पण त्याबरोबर कोंडाही अनेकदा गिरणीतच राहू लागला, आणि गोठ्याचा व खुराड्याचा एक आधार सुटला. रासायनिक खते आली तसे राबाचे महत्त्व घटले. सुधारित वाणांची उंची कमी, म्हणून पेंढाही कमी. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आल्यावर बैल वर्षातून थोडेच दिवस कामाला लागू लागले आणि उरलेले वर्ष नुसते पोसावे लागू लागले.

भूसंपादनानंतर

17 मार्च 1970 रोजी सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांचे सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र ठरले आणि त्यातली खासगी जमीन संपादनाखाली आली. कूळकायद्याने मिळालेली जमीन पुष्कळ घरांकडे जेमतेम पंधरा-वीस वर्षे राहिली. भरपाईच्या प्रश्नावर शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि पागोटे परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. याच लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या 12.5 टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले.

पैसा आणि भूखंड मिळाला तरी जुना फेरा त्याने चालणार नव्हता. शेजारची जमीन संपादित झाली की बांध राखायला माणसे उरत नसत. खांड पडली तर ती तशीच राही, खारे पाणी आत येई आणि भाताच्या जागी कांदळवन वाढे. पुढे भराव पडे. गावठाण जागेवर राहिले तरी भोवतीचा माळ गेल्याने गुरे सोडायला जागा नव्हती. त्यामुळे शेती पूर्ण बंद होण्याआधीच अनेक घरांतली दावण रिकामी झाली. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे हलवावी लागली. 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

तालुक्याच्या पूर्व भागात, प्रबळगड आणि माथेरानच्या पायथ्याशी, भात आणि वाल अजून पिकतात. याच भागात शहरी लोकांची फार्महाऊसेही उभी राहिली आहेत. कर्नाळ्याजवळ तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटर या 1961 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने तेलघाणीसारखे ग्रामोद्योग चालवून गावातच रोजगार निर्माण करण्याचा प्रयत्न केला. नांगर सुटला तरी बैल मात्र एका वेगळ्या रूपाने टिकला. शर्यतीच्या छकड्यांसाठी पनवेल परिसर प्रसिद्ध आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या होत्या. राज्याने कायद्यात दुरुस्ती केल्यावर डिसेंबर 2021 मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. शर्यतीचा बैल शेताच्या बैलापेक्षा कितीतरी महाग आणि त्याचा खुराकही विकतचा.

खाण्याच्या सवयी याहून चिवट निघाल्या. तांदळाची भाकरी आता बचत गटांच्या आणि खाणावळींच्या माध्यमातून विकली जाते, जिताड्याला बाजारात चढा भाव आहे, गावठी अंडे साध्या अंड्याच्या दुपटीहून महाग मिळते आणि पोपटीसाठी दर हिवाळ्यात मुंबईहून पाहुणे येतात. पण शेंगा पुष्कळदा बाजारातून आणलेल्या, कोंबडी पोल्ट्रीतली आणि पेंढा मागवलेला असतो. पदार्थ तेच राहिले. त्यांना एकमेकांशी जोडणारी गोठा, माळ, जंगल आणि बांध यांची व्यवस्था मात्र तालुक्याच्या मोठ्या भागात संपली, आणि ती एकाच वेळी नव्हे तर 1878 पासून एकेक आधार सुटत संपली.